ट्रेकच्या चाकूबद्दलचा तो मेसेज

पावसाळा आला की ट्रेकर्सच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो : ‘सह्याद्रीत जाताना मोठा, जाड, पाठीला करवतीचे दात असलेला चाकू न्या. मूठ पोकळ घ्या, आत काडेपेटी मावते. फार धार नको, हात कापतो. नऊ इंचांच्या आत असला की पोलीस विचारत नाहीत.’

पोकळ मूठ आधी. चांगल्या चाकूत पात्याचंच पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जातं. मूठ कडेनं पाहिली की मधली पट्टी दिसते. पोकळ मुठीत पातं जेमतेम इंचभर शिरतं आणि नटावर तग धरतं. पातं ओल्या फांदीत रुतलं की आपण ते डावी-उजवीकडे हलवतो, सगळा ताण त्या सांध्यावर येतो. मग मूठ हातात, पातं लाकडात. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीतही कोरडी राहते.

करवतीचे दात फांदीत अडकतात, शिवाय पाठीवर अंगठा टेकवून दाब देता येत नाही. आणि मोठं पातं कशाला? दोरी, कांदा, पाकिटं यांना 9 ते 11 सेंटिमीटर पुरतं, जाडी अडीच-तीन मिलिमीटर. त्याहून जाड पातं टोमॅटो चिरत नाही, चेंगरतं.

‘धार नको’ हा सल्ला मात्र खरोखर घातक आहे. बोथट चाकूला जोर लावावा लागतो. पातं सटकलं की तोच जोर पुढे जातो, आणि पुढे बहुतेक वेळा आपलाच दुसरा हात असतो. धार लावताना पातं दगडावर उभं धरा, निम्मं झुकवा, पुन्हा निम्मं : साधारण 22 अंश झाले. हा कोन न बदलता घासा. वरच्या बाजूच्या कडेला बारीक खरखर लागली की बाजू पालटा. खरखर तपासताना बोट पाठीकडून धारेकडे न्या, धारेच्या लांबीवरून कधीच नाही.

हात कापतो तो वेगळ्याच चुकांनी. मांडीवर ठेवून कापू नका. मांडीत आतल्या बाजूनं मोठी रोहिणी जाते. म्यान मुठीत आवळून चाकू उपसू नका, शिवण उसवलेली असली तर धार थेट बोटांवर येते. म्यान पात्याच्या पाठीच्या बाजूनं धरा.

नऊ इंचांचा आकडा शस्त्र नियमांतला आहे खरा : 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. पण त्याहून लहान चाकू कुठेही चालतो असा त्याचा अर्थ नाही. पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश महाराष्ट्रात वरचेवर निघतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या जिल्ह्याचा आदेश पाहा. विमानात तो केबिन बॅगेत चालत नाही. एसटीत म्यानासकट सॅकच्या तळाशी, कमरेला लटकवून नाही.