नमिंत्रण

आई-अण्णांच्या लग्नाला यंदा ६० वर्षं होणार म्हणून घरात बैठक बसली. हॉल, जेवण, अहेर घ्यायचा की नाही, ही सगळी भांडणं बायकोने आणि बहिणीने आपसात वाटून घेतली आणि सगळ्यांत सोपं काम म्हणून पत्रिका माझ्या गळ्यात पडली.

"बाबा, कार्ड मिड-सेंच्युरी हवं हं," बंगळूरहून लेकीचा फोन.

"मोडीत लिहून घेऊ का?" मी विचारलं. शतकाचा मध्य सोडून मी थेट मध्ययुगात गेलो होतो. तिने शांतपणे समजावलं: दुसरं महायुद्ध संपल्यापासून साधारण १९६५पर्यंतची जी पोस्टरं, काड्यापेट्या, पुस्तकांची मुखपृष्ठं, त्यांवरच्या अक्षरांची ढब. "पण यांचं लग्न १९६६चं," मी म्हणालो, "म्हणजे एका वर्षाने हुकलं." यावर ती काही बोलली नाही. फॉन्टची यादी तेवढी पाठवली.

त्या यादीने माझ्या डोक्याचा भुगा केला. फ्युचुरा नावाचा फॉन्ट उद्या सकाळी चंद्रावर उतरणाऱ्या यानासारखा दिसतो आणि निघाला १९२७चा! न्यूट्राफेस १९५०च्या बंगल्यावरच्या पाटीसारखा दिसतो, रिचर्ड नॉयट्रा या वास्तुविशारदाच्या इमारतींवरच्या अक्षरांवरून तो केलाय, पण बाजारात आला २००२ साली. म्हणजे जुना दिसतो तो माझ्या लेकीच्या वयाचा आणि नवा दिसतो तो माझ्या आजीच्या. त्यातल्या त्यात हेल्वेटिका बरा. १९५७ साली जन्मला तेव्हा त्याचं नाव नॉये हास ग्रोटेस्क होतं, १९६०मध्ये बदलून हेल्वेटिका झालं. आमच्या आईचंही लग्नात नाव बदललंय, त्यामुळे मला हा फॉन्ट आपल्यातला वाटला.

संगणकाला तसं वाटलं नाही. मी फ्युचुरा निवडून 'निमंत्रण' टाइप केलं, तर त्याने गुपचूप मंगल लावला. फ्युचुरात देवनागरी नाहीच, मग संगणक मिळेल तो बदली कामगार घेतो. इंग्रजी साठचा आकडा तेवढा फ्युचुरात उठून दिसत होता. नवरदेव नटलेला आणि वऱ्हाड कचेरीतून परस्पर आलेलं. मंगलला मी नावं ठेवत नाही. र. कृ. जोशींसारख्या अक्षरांच्या जाणकाराने तो केलाय, पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. पण इतकी वर्षं सरकारी परिपत्रकं त्यात वाचल्यावर पत्रिकेतसुद्धा 'विषय' आणि 'संदर्भ' शोधायला लागतो आपण.

मग मी मोफत फॉन्टांच्या दुकानात शिरलो. तिथे 'श्रीखंड' नावाचा एक फॉन्ट दिसला. जाड, तिरका, ठसकेबाज, जुन्या रंगवलेल्या पाटीवरून उचलल्यासारखा. हाच! मोठ्या आनंदाने उतरवून घेतला. श्रीखंडात मराठी नाही. गुजराती आहे, इंग्रजी आहे. शेजारी 'फरसाण' होता, त्याचीही तीच कथा. शेवटी 'मोदक' मिळाला. तो देवनागरी निघाला, पण अक्षरं अशी टम्म फुगलेली, की 'म'च्या पोटात हवेलाही जागा नाही. आईने चष्मा लावून पाहिलं. "बारसं कोणाचं आहे रे?" म्हणाली.

'यात्रा वन' मात्र मला मनापासून आवडला. मुंबईच्या लोकल स्टेशनांवर हाताने रंगवलेल्या पाट्या असत, त्यांच्या वळणावरून केलेला आहे तो. अण्णांनी ३४ वर्षं ठाणे-व्हीटी केलंय, म्हटलं खूश होतील. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "डबलफास्ट आहे की स्लो?"

तेव्हा मला सुचलं, की एवढं लांब कशाला जायचं? त्या काळातली झकास मराठी अक्षरं तर माळ्यावरच पडली आहेत. दीनानाथ दलालांच्या चित्रांचे दिवाळी अंक होते, नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं होती. कमल शेडग्यांनी नाटकांची नावं अशी काढली आहेत, की नाव बघूनच नाटक रडवणार की हसवणार ते कळावं. मी कात्रणं स्कॅन केली आणि त्यांतली एकेक अक्षरं कापून 'निमंत्रण' जुळवायला बसलो. सबंध रविवार गेला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं, की तो फॉन्ट नव्हताच मुळी. तो हात होता. एका नावातला 'म' शेजारच्या 'त्र'ला टेकायला जागा करून देत होता आणि दुसऱ्या नावातला 'म' काना पुढे यायच्या आत स्वतः लवत होता. प्रत्येक अक्षर शेजाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे काढलेलं. त्यांना घराबाहेर काढून एका ओळीत उभं केलं, की भाडेकरूंच्या सभेत होतं तेच होतं. चार नावांतून चार अक्षरं आणून मी जे बनवलं ते बघून बायको म्हणाली, "आई-अण्णांना सोडवायचं असेल तर अमुक रक्कम घेऊन या, एवढं लिही खाली."

हरून एका छपाईवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे फॉन्टना नावं नव्हती, नंबर होते. "नंबर सांगा साहेब." मी म्हटलं, तुम्हीच लावा काहीतरी जुनं वाटेल असं. माझा मजकूर युनिकोडमधला, म्हणजे हल्ली सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीतला, आणि त्याचं सॉफ्टवेअर युनिकोडच्याही आधीचं. आधी नुसते चौकोनी डबे आले, मग डॉलर आणि टक्क्यांची चिन्हं. शेवटी अक्षरं उमटली, पण पहिली वेलांटी दर वेळी एक घर पुढे सरकलेली. त्या यंत्राला वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते एवढं कळत होतं, कागदावर ती आधी काढतात हे कोणी सांगितलं नव्हतं. प्रूफावर ठळक मथळा: 'नमिंत्रण'. खाली 'आग्रहाची वनिंती'. आणि 'साऱ्यांनी'तला अर्धा र शिंगासारखा य-वर चढून 'सार्यांनी'.

"ही वनिंती कोण?" आईने विचारलं. "मावशीची नवी सून का?"

अण्णांना एवढ्या उचापतीचं कारणच कळेना. ते उठले, ट्रंक उघडली आणि स्वतःच्या लग्नाची पत्रिका पुढ्यात टाकली. पिवळी पडलेली, कोपऱ्यांना हळदीचे डाग, लाल शाई. अक्षरं मात्र काय सुंदर! गंभीर, ठाशीव, अदबीने उभी.

"कुठला टाइप हा?" मी हरखून विचारलं.

"तेराव्याचा."

चिपळूणच्या त्या छापखान्यात म्हणे दोनच टाइप होते, एक लग्नामुंजीचा आणि एक तेराव्याचा. त्या वर्षी वैशाखात मुहूर्त दाट. लग्नाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, दुसऱ्या कोणाच्या पत्रिकेत जुळवून ट्रेडल छपाईयंत्रावर चढलेले, ते सुटेपर्यंत आठ दिवस थांबावं लागलं असतं. आजोबा थांबणाऱ्यांतले नव्हते. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने तेराव्याच्या खिळ्यांचा खण ओढला, वरती गणपतीचा ब्लॉक बसवला, शाई लाल घेतली आणि काम उरकलं. "वाचता आलं ना लोकांना? चारशे पान उठलं," अण्णा म्हणाले.

लेकीला फोटो पाठवला तर तिकडून आनंदाने किंचाळी. "बाबा, हेच! ऑथेंटिक!" खिळ्यांचं एक बरं असतं, पत्रिकाभर प्रत्येक 'म' त्याच साच्यातला. तिने एका रात्रीत त्यातलीच अक्षरं उचलून नवा मजकूर जुळवला, नसलेली तीन-चार काढून घातली. लाल रंग तिला भडक वाटला म्हणून काळा केला. गणपती फार पुसट आला होता, तो काढला. रिकामं वाटायला लागलं म्हणून भोवती एक बारीक काळी चौकट टाकली. मिड-सेंच्युरीत मोकळी जागा आणि एखादी रेघ हेच महत्त्वाचं, असं तिने सांगितलं. आम्ही सगळे महिनाभर अक्षरांची वळणं तपासून इतके दमलो होतो, की मजकुराच्या चौकटीकडे कोणी पाहिलंच नाही. दीडशे प्रती छापल्या आणि पोस्टात टाकल्या.

चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला. अण्णांचे दापोलीचे जुने मित्र, वय वर्षं ८६. दोघांनाही ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो. पलीकडून खोल गेलेला आवाज आला, "कधी झालं?"

"१९६६ साली," अण्णा म्हणाले.

"अरेरे," पलीकडे थोडा वेळ शांतता. "आम्हाला कोणी कळवलंच नाही."