लफडं सापडलं की पोटगी बंद? कुणी सांगितलं?

सांगलीतल्या सगळ्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे बायकोच्या लफड्याचा एक स्क्रीनशॉट मिळाला की पोटगी शून्य, पोरं नवऱ्याला, दागिने परत आणि त्या माणसाला ५ वर्षं जेल. माझा कोर्टाजवळ टायपिंगचा गाळा आहे, दिवसभर हीच ॲफिडेव्हिट टाइप करतो, त्यामुळं गप्प बसवेना.

जेलचं आधी उरकतो. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं आयपीसीचं (जुन्या दंड संहितेचं) कलम ४९७ सुप्रीम कोर्टानं २७ सप्टेंबर २०१८ लाच रद्द केलं, विषय संपला. घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार हिंदू विवाह कायद्यात अजून आहे, लोक दोन्हीची खिचडी करतात.

पोटगीच्या मुद्द्यात थोडं खरं आहे, म्हणून तर मेसेज खपतो. पोटगीचं जुनं कलम १२५, आता बीएनएसएसचं (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं) कलम १४४, त्यात बायको व्यभिचारात राहत असेल तर पोटगी नाही असं आहेच, पण कोर्ट बघतं ते सतत चालू असलेले संबंध, कधीतरी एकदा पाय घसरला तेवढ्यावर पोटगी तुटत नाही, आणि सिद्ध नवऱ्यानं करायचं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये वागणूक बघतात, पण दोघांची, आणि सोबत कमाई, प्रॉपर्टी पण. नवऱ्याच्या वागण्याबद्दल मेसेजवाला गप्प, साहजिकच आहे म्हणा.

स्क्रीनशॉटचं म्हणाल तर त्याला साक्ष अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं. नवरा-बायकोचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं अशा केसमध्ये चालतं असं सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये सांगितलं, पण पुरावा आत घेतला म्हणजे आरोप सिद्ध झाला असं नसतं, रात्री १२ च्या 'जेवलीस का' वरनं काय सिद्ध होणार?

पोटगीचा आकडा खरा ठरतो तो ॲफिडेव्हिटवर. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनी उत्पन्न, प्रॉपर्टी, कर्ज सगळं लिहून द्यायचं, आणि शेतकऱ्यांचा फॉर्म वेगळा आहे, जमीन किती, जिरायत का बागायत, पीक काय, म्हशी किती, त्यांचं उत्पन्न किती. इथं तासगावकडचा बागवाला घाम पुसत म्हणतो, लिवा, द्राक्षाचं सगळं औषधातच गेलं. बाग भावाच्या नावावर, गाडी मेव्हण्याच्या, आणि बायकोचे चॅट मात्र कलर प्रिंट काढून आणलेले! त्या फॉर्मात लफड्याचा रकानाच नाही ओ.

दागिने तिचं स्त्रीधन, ते तिचंच. पोरांचा ताबा त्यांच्या हितावर ठरतो, मुंबई हायकोर्टानं २०२४ मध्ये सांगितलंय की बायको म्हणून चुकली म्हणजे आई म्हणून वाईट असं होत नाही. आणि मेसेजखाली एका ताईंनी लिहिलंय की नवऱ्याचं लफडं निघालं तर निम्मी शेती बायकोची, तर ताई, तसाही कायदा नाही.

लफड्याची खरी किंमत वसूल होते कोर्टाबाहेर, म्युच्युअलच्या, म्हणजे दोघांच्या संमतीनं घटस्फोटाच्या बैठकीत. चार पाहुणे बसतात, गावात बोभाटा करू म्हणून दम देतात आणि पोरगी आहे त्या रकमेवर सही करते. ह्याला कायदा म्हणत नाहीत. त्यात 'पोरांसाठी पण काही मागणार नाही' असं लिहून घेतात ते तर फुकट जातं, पोरांचा हक्क आईला सोडता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं सांगितलेलं आहे.