रॅम वाढवून व्हिडिओ चालत नसतो!

अण्णांचा लॅपटॉप बिघडलेला नाही. व्हायरस नाही, रॅमही कमी नव्हती. तरी नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानदाराने त्यांना रॅम वाढवायला लावली, पैसे घेतले, आणि व्हिडिओ अडकायचा तो अडकतोच आहे. वर सल्ला काय, तर "काका, आता नवीनच घेऊन टाका." संताप होतो नुसता!

मावसबहिणीचं पंचवटीत लग्न झालं, त्याचा हा व्हिडिओ. पेनड्राइव्हवर फाइल आली ती ४के (खूप बारीक चित्राची), १०-बिट (रंगांच्या जास्त छटांची), एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत, म्हणजे कोडेक). लावली की पंखा बोंबलायला लागतो, सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, शंभर टक्के. "शुभमंगल सावधान" ऐकू येतं, वाजंत्री सुरू होते, टाळ्याही पडतात आणि स्क्रीनवर अंतरपाट अजून धरलेलाच! आवाज डिकोड करायला, म्हणजे दाबलेला पुन्हा उलगडायला, फारसं काही लागत नाही, तो आपला पुढे जातो. चित्राला ते जमत नाही, मग प्लेअर मधल्या फ्रेम सोडून देतो आणि एकदम हार घातलेलेच दिसतात. आजीला तेवढा एक क्षण बघायचा होता हो, नेमका तोच खाल्ला.

आता कारण ऐका, कारण दुकानात कुणी सांगणार नाही. ४केच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल. फाइलमध्ये पूर्ण फ्रेम अधूनमधून एखादीच असते. बाकीच्यांत फक्त आजूबाजूच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठे सरकला आणि काय बदललं, एवढंच लिहिलेलं असतं. त्यावरून अख्खं चित्र पुन्हा उभं करायचं. सेकंदाला ५० फ्रेम असतील तर प्रत्येकीला २० मिलिसेकंद. या कामासाठी चिपमध्ये वेगळं सर्किट असतं आणि ते ठरावीक कोडेकपुरतंच चालतं. एच.२६४ हे जुनं कोडेक २००३ चं, त्याचं सर्किट अण्णांच्या लॅपटॉपमध्ये आहे. एचईव्हीसी आलं २०१३ मध्ये, आणि इंटेलच्या प्रोसेसरमध्ये १०-बिटचा पूर्ण डिकोडर सातव्या पिढीपासून. हा लॅपटॉप चौथ्या पिढीचा! मग सगळा भार सीपीयूवर. तिथे रॅम काय करणार? व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखालचा (चित्राचं काम करणाऱ्या भागाखालचा) 'व्हिडिओ डिकोड' आलेख बघितला असता तर तो शून्यावर दिसला असता. अर्ध्या मिनिटाचं काम. तेवढंही न बघता म्हाताऱ्या माणसाच्या खिशात हात घालायचा?

आणि तो व्हिडिओवाला! त्याच्या एडिटिंगच्या मशीनवर ही फाइल लोण्यासारखी चालते, म्हणून "आमच्याकडे तर ओके आहे." अरे, बघणार कोण आहे? सिन्नरची आजी, इंदिरानगरचे काका, घरोघरचे जुने लॅपटॉप आणि टीव्ही. ४के ठेव ना तुझ्या शोरीलला, गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला! सोबत १०८०पी (४केपेक्षा कमी पिक्सेलची), एच.२६४ ची एक कॉपी दे, ती सगळीकडे चालेल. हेच त्याला फोन करून सांगितलं, तर म्हणतो त्याचा चार्ज वेगळा पडेल. एक्सपोर्ट करताना एक ऑप्शन बदलायचा, त्याचा चार्ज!