नंबरावरूनच दर कळायला हवा

नमस्कार. ब्रिटनमधल्या ०८४ आणि ०८७ ने सुरू होणाऱ्या नंबरांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर, परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. या नंबरांवर फोन केला की साध्या नंबरापेक्षा जास्त पैसे पडतात आणि त्यातला वाटा फोन घेणाऱ्या संस्थेकडे जातो; तो वाटा बंद व्हावा असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॉल सेंटर चालवायला खर्च येतो, तो फोन करणाऱ्याने उचलला तर बिघडलं कुठे? आणि नंबर बदलण्याच्या सुधारणांनी लोकांना नुसता मनस्ताप होतो, लंडनकरांना विचारा.

लंडनचं आधी घेते, कारण ते खरंच आहे. १९९० मध्ये शहराचा ०१ हा कोड जाऊन ०७१ आणि ०८१ आले, १९९५ मध्ये त्यांचे ०१७१ आणि ०१८१ झाले, २००० मध्ये सगळ्यांना ०२०. दहा वर्षांत तीनदा पाट्या आणि लेटरहेड बदलली. अजूनही कित्येक पाट्यांवर कोड ०२०७ असा चुकीचा तोडलेला दिसतो. पण ती सगळी उलथापालथ नंबर अपुरे पडत होते म्हणून झाली. २००७ मध्ये ऑफकॉमने, म्हणजे ब्रिटनच्या दूरसंचार नियामक संस्थेने, ०३ ने सुरू होणारे नंबर आणले, त्यामागे कारण होतं पैशाचं. आणि त्यात त्रासही बेताचाच होता. ०८४५ वाल्या संस्थेसाठी तोच नंबर ०३४५ मध्ये राखून ठेवला होता. एक आकडा बदलला की झालं.

०३ ला फोन केला की दर ०१, ०२ च्या साध्या लँडलाइन नंबरांएवढाच पडतो, मोबाइलच्या पॅकमधली मिनिटं चालतात आणि फोन उचलणाऱ्याला त्यातला एक पेनीही मिळत नाही. ०८४४ वर मात्र तुमच्या प्रत्येक मिनिटातला वाटा त्या संस्थेकडे जातो, किंवा तिच्या फोन यंत्रणेच्या भाड्यात वळता होतो. म्हणजे तुम्हाला ताटकळत ठेवण्यात तिचं काहीच जात नाही. खर्च वसूल करायला माझी हरकत नाही. माझी हरकत याला आहे.

सरकारी दवाखान्यांचं उदाहरण घ्या. त्या दिवसाची अपॉइंटमेंट हवी तर सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा, आणि त्याच मिनिटाला सगळा मोहल्ला लावत असतो. बरेच दवाखाने ०८४४ वर गेले होते. पूर्वी 'एंगेज' लागला तर पैसे पडत नसत. आता फोन लागायचा, रेकॉर्ड केलेला आवाज रांगेत थांबा म्हणायचा आणि मीटर चालू. ज्याच्या घरी लँडलाइन नाही, जो टॉप-अप मारून मोबाइल वापरतो, त्याला सगळ्यात महाग. २०१० मध्ये इंग्लंडात अट आली की स्थानिक कॉलपेक्षा महाग पडेल असा नंबर दवाखान्यांनी वापरू नये. तरी अनेकांनी ०८४४ सोडला नाही, कारण 'आमच्या पेशंटना जास्त पडत नाही' एवढं म्हटलं की भागत होतं. म्हणून माझा आग्रह आहे की एकेका संस्थेला दम देत बसू नका, नियम नंबरांच्या मालिकेलाच लावा.

पुढे सुधारणा झाल्या, नाही असं नाही. जून २०१४ पासून विकलेल्या मालाच्या तक्रारीसाठी महागडा नंबर देण्यावर बंदी आली, पुढच्या वर्षी बँका आणि विमा कंपन्याही तशाच नियमाखाली आल्या. जुलै २०१५ मध्ये लँडलाइनवरून आधीच फुकट असलेला ०८०० मोबाइलवरूनही फुकट झाला. त्याच दिवशी ०८४, ०८७ च्या दराचे दोन तुकडे केले: सेवेचा आकार, म्हणजे फोन घेणाऱ्या बाजूचं शुल्क, आणि तुमच्या फोन कंपनीचा आकार. मला ही अर्धवट सुधारणा वाटते. ०८४ वर सेवेचा आकार मिनिटाला जास्तीत जास्त ७ पेन्स, तो जाहिरातीत लिहावा लागतो. पण मोबाइल कंपनीचा आकार त्याच्या कित्येक पट असू शकतो, आणि तो तुम्ही स्वतः शोधायचा. आजारी माणूस फोन लावण्याआधी दरपत्रक काढून बसेल का?

०९ चे महागडे नंबर खुशाल राहू देत. टीव्हीवरच्या मतदानाला फोन करणाऱ्याला आपण पैसे मोजतोय हे ठाऊक असतं. ०८४ आणि ०८७ मधला वाटा मात्र बंदच व्हायला हवा. तुमच्या कॉल सेंटरचा खर्च मालाच्या किमतीत धरा. तिथे तो गिऱ्हाइकाला खरेदीआधी दिसतो, आणि दुसऱ्या दुकानातल्या भावाशी ताडूनही पाहता येतो.