मोहावी रॅटलस्नेकबद्दलच्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘अमेरिकेच्या वाळवंटातला मोहावी ग्रीन हा साप माणसाच्या मागे धावतो. शेपटीच्या खुळखुळ्यात जितकी कडी, तितकं त्याचं वय. पिल्लू मोठ्यापेक्षा घातक, कारण त्याला विष आवरत नाही. चावला तर औषधच नाही.’ हा मजकूर अ‍ॅरिझोनात राहणाऱ्या आपल्या माणसांपर्यंतही पोचतो, म्हणून गप्प बसवत नाही.

धावण्याचं आधी. हा साप (मोहावी ग्रीन म्हणजे मोहावी रॅटलस्नेकच) कांगारू रॅट, उंदीर, सरडे खातो. माणूस त्याचं भक्ष्य नाही. माणूस दिसला की तो बिळाकडे नाहीतर झुडपाकडे सरकतो. ते झुडूप नेमकं आपल्या मागे असलं की अंगावर आल्यासारखा वाटतो, इतकंच.

कड्यांचा हिशेब मात्र सावकाश बघण्यासारखा आहे. कुंपणाला अडकलेली कात आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते, शेपटीच्या टोकापर्यंत अखंड. रॅटलस्नेकच्या टोकाचं आवरण कातेबरोबर निघत नाही. आपल्या नखांसारखंच केराटिनचं ते कडं तिथेच अडकून राहतं आणि त्याला जोडून नवं तयार होतं. म्हणजे एक कात, एक कडं. खायला भरपूर मिळालं तर वर्षात दोन-तीनदाही कात पडते, आणि जुनी कडी दगडांत घासून तुटतात. वय मोजणार कसं? नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचा (ही मादी अंडी घालत नाही, पिल्लंच देते) खुळखुळा वाजतच नाही. वाजायला कड्यावर कडं आपटावं लागतं.

पिल्लू जन्मापासून विषारी असतं, हे खरं. पण त्याच्या विषग्रंथी इवल्याशा. मोठा साप एका दंशात कितीतरी पट जास्त विष सोडू शकतो. भीती वाटायचीच तर मोठ्याची वाटावी.

‘औषधच नाही’ हे वाक्य मला सगळ्यांत वाईट वाटतं, कारण ते ऐकून माणूस हातपाय गाळतो. क्रोफॅब या प्रतिविषाला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, आणि ते बनवताना वापरतात त्या विषांत याच सापाचं विषही आहे. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरशासाठी. ती या सापाच्या दंशावर कामाची नाही.

खरा धोका फॉरवर्डमध्ये आलेलाच नाही. मोहावी रॅटलस्नेकपैकी पुष्कळ सापांच्या विषात मोहावी टॉक्सिन असतं (मध्य अ‍ॅरिझोनातल्या काहींत नसतं). ते आपल्या मण्यारीच्या विषासारखं नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं. दंशाची जागा फारशी सुजत नाही, दुखत नाही, आणि माणूस ‘काही झालं नाही’ म्हणून घरीच बसतो. श्वासाचा त्रास काही तासांनी सुरू होतो. सूज येईपर्यंत वाट बघू नका, लगेच ९११ ला (अमेरिकेतल्या आणीबाणीच्या नंबरला) फोन करा.