वर्दीच्या आधी

दिवाळीत मुंबईला होते तेव्हा आमच्या इमारतीच्या मीटर रूमला आग लागली. आग तशी छोटी. एक पॅनेल जळलं आणि शेजारी जिन्याखाली रचलेलं भंगार पेटलं. पण धूर जिन्याने असा वर चढला की अकराव्या मजल्यावर आईच्या दाराच्या फटीतून तो आत यायला लागला. लालबागची आमची चाळ पाडून हा टॉवर झाला, त्याला आता नऊ वर्षं झाली. खालचे लोक खाली पळाले, वरचे गच्चीकडे. गच्चीला कुलूप.

मी आईला घेऊन बाहेर पडणार तेवढ्यात एक जवान जिन्याने वर आला. पाठीवर हवेचं सिलिंडर, हातात कुऱ्हाड. मास्क वर सरकवून आधी त्याने दम घेतला. "मावशी, खाली उतरू नका. दार लावा, फटीला ओला टॉवेल लावा आणि खिडकी उघडून तिथे बसा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, पंप रूमची चावी कोणाकडे असते?"

मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. सेक्रेटरी गावाला गेले होते आणि वॉचमन नवा होता.

कोणाला काही झालं नाही. तासाभरात सगळं निवळलं. आईने त्या मुलाला चकल्या देऊ केल्या, त्याने एक घेतली आणि पुढच्या मजल्यावर गेला. मी जर्मनीत परतले, पण फ्लॅटवर माझंही नाव असल्याने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. तिथे महिनाभर चर्चा पेटलेली होती. बंबाला वीस मिनिटं का लागली? आल्यावर पाणी संपलं कसं? जिन्याच्या काचा कोणाला विचारून फोडल्या? एवढी उंच शिडी घेतलीय म्हणे, ती कुठे होती? बाकीच्या वेळी ही माणसं करतात तरी काय? आणि शेवटी मला: तुमच्याकडे तिकडे कसं असतं, जरा सांगा की.

तिकडे कसं असतं हा प्रश्न मला आवडत नाही. उत्तर दिलं की मी शहाणपणा शिकवणारी, नाही दिलं तर शिष्ट. तरी या वेळी सांगते, कारण मला गंमत वेगळ्याच जागी दिसते आहे.

मी राहते ते श्टुटगार्टजवळ, नेकार नदीकाठच्या एका लहान गावात. (श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, हे दोन्हीकडच्या फार कमी लोकांना ठाऊक असतं.) दोन वर्षांपूर्वी सुकं खोबरं मंद गॅसवर भाजत ठेवून मी तळघरात कपडे वाळत घालायला गेले. खोबरं जळलं, पॅसेजमधला धुराचा अलार्म किंचाळायला लागला, शेजारणीने ११२ हा इथला मदतीचा नंबर लावला. मी वर आले तर दारात हेल्मेट घातलेले चौघे उभे. त्यातला एक आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला. दुसरे माझ्या मुलाला गणित शिकवणारे सर. कढईतला कोळसा बघून बेकरीवाला अगदी व्यावसायिक कुतूहलाने म्हणाला, "हे आधी काय होतं?" पैसे पडले नाहीत. चांगल्या हेतूने बोलावलं असेल तर चुकीच्या वर्दीचं बिल लावत नाहीत.

तर पहिली गोष्ट ही, की जर्मनीत आग विझवायला येतो तो बहुतेकदा पगारी माणूस नसतो. पूर्ण वेळ नोकरीचं दल शंभराहून थोड्या जास्त शहरांत आहे. बाकी सगळा देश स्वयंसेवकांवर चालतो आणि त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. खिशातला पेजर वाजला की बेकरीवाला भट्टी मदतनिसावर सोडून निघतो. मालकाला कायद्याने त्याला सोडावंच लागतं आणि बुडालेल्या वेळेचा पगार गावची पालिका भरून देते. मुलं दहाव्या वर्षापासून त्यांच्या बालपथकात जातात, माझा बारा वर्षांचा मुलगाही जातो.

ग्रुपवर हे टाकल्याबरोबर एका काकांनी लिहिलं, "मुंबईतही हेच करायला हवं." मला नाही पटत. चाळीत हे होतंच की. कोणाचा स्टो भडकला तर पाच मिनिटांत बालद्यांची रांग लागायची, घोंगड्या यायच्या, कोणीतरी मेन स्विच ओढायचा. त्याला कोणी दल म्हणत नव्हतं आणि त्यात गोंधळही पुष्कळ होता, उगाच गोडवे गायला नकोत. पण तेव्हा मेन स्विच कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. आणि मुंबईची आग आता हौसेने विझवण्यासारखी राहिलेलीच नाही. तिथे पगारी, तयार माणूसच हवा आणि तो आपल्याकडे आहे. १८८७पासून आहे.

तो करतो काय, याचं उत्तर ग्रुपवरच्या ज्या गृहस्थांना हवं होतं त्यांच्याच घराची खिडकी दोन वर्षांपूर्वी मांज्यात अडकलेल्या घारीसाठी अग्निशमन दलाने उघडायला लावली होती. पावसाळ्यात पडलेलं झाड, कोसळलेली इमारत, अडकलेली लिफ्ट, गॅसगळती, चौपाटीवर बुडणारा माणूस, सगळं त्याच १०१ नंबरवर जातं. दलाच्या भाषेत या प्रत्येक हाकेला 'वर्दी' म्हणतात. अंगावरची वर्दी वेगळी, ही वर्दी वेगळी.

वीस मिनिटांचा हिशेब दादाने सांगितला, तो फाटकावरच उभा होता. बंब सात मिनिटांत गल्लीच्या तोंडाशी आला होता. उरलेली तेरा मिनिटं दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्या आणि कंदिलांचे स्टॉल यांतून वाट काढण्यात गेली. त्यातल्या दोन गाड्या आमच्याच सोसायटीच्या. इथे जर्मनीत हमरस्त्यावर वाहतूक तुंबली की सायरन ऐकू येण्याआधीच डावीकडच्या रांगेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे वाट ठेवायची असते. नाही ठेवली तर किमान २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. लोक सरकतात. संस्कार वगैरे असतील थोडे, पण मला विचाराल तर दोनशे युरो.

पाणी संपतं, कारण ते संपण्याइतकंच असतं. साध्या बंबात चार-पाच हजार लिटर मावतं. एका नळीतून मिनिटाला चारशे-पाचशे लिटर सुटलं तर दहा मिनिटं. इथल्या बंबात तर त्याहून कमी, जेमतेम दोन हजार. पण इथे बंबाने पाणी वाहून आणायचं ही कल्पनाच नाही. रस्त्यारस्त्यावर भिंतींवर लाल कडेची पांढरी पाटी असते, तिच्यावर आकडे: इथून इतके मीटर उजवीकडे, इतके मीटर पुढे, जमिनीत हायड्रंट, म्हणजे बंबाची नळी जोडायचा नळ. आमच्या दाराजवळच्या पाटीवर मी पहिली दोन वर्षं पोस्टाचा काहीतरी नंबर म्हणून बघत होते. मुंबईतही इंग्रजांच्या काळापासून हायड्रंट आहेत. कित्येक डांबराखाली गेले, कित्येक कोरडे पडले. म्हणून टँकरवर टँकर बोलवावे लागतात आणि टँकरला परत तीच गल्ली.

काचा धुराला वाट द्यायला फोडतात. आगीत माणूस बहुधा भाजून जात नाही, धुराने गुदमरून जातो. लालबागपासून हाकेच्या अंतरावर, परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ला आग लागली, चार जण गेले. तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेलं आठवून शेजाऱ्यांना ओली फडकी नाकाला धरायला लावली होती. काचेच्या बिलावर आमच्या ग्रुपवर एकतीस मेसेज आले. गच्चीच्या कुलपावर दोन. त्यातला एक माझा.

आता शिडी. मुंबई दलाकडे ९० मीटर उंचीची शिडी आहे आणि दर मोठ्या आगीनंतर आणखी उंच शिडीची मागणी होते. इथली नेहमीची शिडी २३ मीटर. होय, तेवीसच. मीही आधी हसले होते. पण इथल्या बांधकाम कायद्यात सगळ्यात वरच्या मजल्याची जमीन २२ मीटरच्या वर गेली की ती इमारत 'उंच इमारत' ठरते, आणि मग तिला दोन जिने तरी लागतात किंवा धूर शिरणार नाही असा एक खास जिना तरी. २२ हा आकडा शिडीवरून आला आहे. शिडी पोचते तिथवर शिडीचा भरवसा. तिथून वर इमारतीने स्वतःची सोय स्वतः करायची. म्हणजे इथे शिडी बघून इमारत बांधतात. आपण इमारत बघून शिडी विकत घ्यायला निघतो, आणि लोअर परळला २८० मीटरचा टॉवर उभा असताना ती कुठवर घेणार? शिवाय शिडीच्या गाडीला पाय पसरून उभं राहायला जागा लागते. आमच्या गल्लीत ती वळणारसुद्धा नाही.

खरं तर नियम आपल्याकडेही हेच म्हणतात. उंच इमारतीची आग आतूनच विझवायची असते. त्यासाठी पाण्याचा उभा पाइप, पंप, मजल्यावरचे होज, मधे रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला मोकळी ठेवलेली जागा. आमच्या इमारतीत हे सगळं आहे. रेफ्युजमध्ये मंडळाचे बांबू आणि कोणाचातरी जुना सोफा आहे. पंप आहे, त्याला कुलूप आहे. नंतर कळलं की तो गळतो म्हणून बंदच ठेवला होता. आणि २००६च्या महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार ही सगळी यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी दलाची नाही, आपली, म्हणजे मालकांची आणि राहणाऱ्यांची. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घेऊन दलाला द्यायचा. आमचा जुलैचा फॉर्म बी वेळेवर गेला होता. सही-शिक्क्यासह. पंप उत्तम स्थितीत.

मला इथला आणि तिथला फरक इथे दिसतो. धाडसात तर नाहीच. ९ मे २०१५ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली तेव्हा मुंबईचे दलप्रमुख सुनील नेसरीकर स्वतः आत होते, सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई बरोबर. इमारत कोसळली. चौघेही गेले, दोघे तिथेच आणि दोघे नंतर रुग्णालयात. तेव्हाही लोकांनी विचारलं होतं, एवढे मोठे अधिकारी आत कशाला गेले? माझ्या बेकरीवाल्यासमोर अशी इमारत फारशी येतच नाही, आणि त्याचं कारण एक वेगळाच माणूस आहे.

तो म्हणजे धुराडं साफ करणारा. काळा पोशाख, सोनेरी बटणं. रस्त्यात दिसला की लोक त्याचं बटण शिवतात, शुभ मानतात. पण त्याचं खरं काम तपासणीचं. दाराला आधी चिठ्ठी लागते: अमुक तारखेला, सकाळी आठ ते दहा, घरी थांबावे. सात वर्षांत दोनदा त्याला इमारतीतल्या शेगड्या, बॉयलर, धूर जायचे मार्ग स्वतःच्या डोळ्यांनी बघावे लागतात आणि त्याला आत घ्यायचं नाही असं कोणालाच म्हणता येत नाही. धुराच्या अलार्मची तपासणी दरवर्षी वेगळी. मी सुट्टी टाकून थांबते, चडफडते, बिलही भरते. पहिल्या वर्षी तर वाटलं, हे लोक संशयी आहेत. माझ्या स्वयंपाकघरात कोणी परका टॉर्च घेऊन वाकून बघतोय हे अजूनही मला आवडत नाही. पण तो अलार्मचं बटण दाबून बघतो. वाजलं तर वाजलं म्हणून लिहितो.

इथे जर्मनीत सगळं आलबेल आहे असंही नाही. गावात तरुण उरत नाहीत, स्वयंसेवक कमी पडतात, म्हणून हल्ली आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनाही या म्हणतात. मुलगा गेला तो असाच.

त्याला बालपथकात बोलायला विषय हवा होता. मी त्याला १४ एप्रिल १९४४ सांगितलं, ज्याच्या आठवणीत आपल्याकडे दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतात. व्हिक्टोरिया डॉकमधलं फोर्ट स्टिकीन जहाज, दुपारी लागलेली आग, चारनंतर झालेला स्फोट, नळ्या हातात धरून गेलेले ६६ जवान, आणि आकाशातून पडलेल्या सोन्याच्या विटा. मला वाटलं तो सोन्यावर अडकेल किंवा जवान पळाले का नाहीत विचारेल. त्याने विचारलं, "कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात कोणी भरला?"

जानेवारीचा फॉर्म बी आला आहे. दादाला सांगितलं, सही करायच्या दिवशी मला व्हिडिओ कॉल लाव आणि पंप चालू करून दाखवायला सांग. दादाने फोन एजन्सीच्या माणसाकडे दिला. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, कशाला? उगाच खाली सगळीकडे पाणी होईल."

दादाला म्हटलं, होऊ दे. आधी चावी शोध.