फुकट द्या, पण नावासकट
नवोदित संगीतकारांनी लघुपटांना सुरुवातीला संगीत फुकट द्यावं, असं एका लेखात म्हटलंय. जरूर द्यावं, पण श्रेय देण्याबद्दल दोन ओळी लिहून घ्याव्यात. परळच्या आमच्या खोलीत शेवटची लोकल गेल्यावर, पंखा बंद करून मी एका लघुपटासाठी पेटी रेकॉर्ड केली होती. भात्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो त्यात. त्या लघुपटाच्या श्रेयनामावलीत माझं नावच नव्हतं. फार लागलं ते. आता क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे काही अटींवर मोफत वापराची मुभा देणारा आणि श्रेय बंधनकारक करणारा परवाना लावूनच देतो. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला वाटा सोडूनही देता येत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि हो, गेमसाठी लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा, एमपीथ्रीत देऊ नका, ऑग या फाइल-प्रकारात द्या. एमपीथ्रीत टोकांना बारीकशी शांतता शिरते, दर आवर्तनाला सम चुकते.